वायव्येच्या वाऱ्यात बालाघाटावरून

महाराष्ट्रात पॅराग्लायडिंग म्हटले की कामशेत आणि पाचगणी ही नावे पुढे येतात, आणि मोठ्या स्पर्धांचा विषय निघाला की बोलणे हिमाचलातल्या बीर-बिलिंगवर जाते, जिथे २०१५ साली विश्वचषकाची स्पर्धा झाली. मराठवाड्याचे नाव या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. पण बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून वर आले की बालाघाटाचे पठार लागते आणि त्याची उत्तरेकडची कड बीडच्या सखल भागावर दोनशे-अडीचशे मीटर उभी असलेली दिसते. खाली बिंदुसरेचे खोरे आणि पालीचा तलाव, मागे नेकनूर, केज, अंबाजोगाईपर्यंत पसरलेले पठार. उत्तरेचा किंवा वायव्येचा वारा या कडेवर आपटून वर वळतो, आणि एकदा वर गेलेला वैमानिक त्याच वाऱ्याच्या पाठबळावर आग्नेयेला आणि मग पूर्वेला कितीतरी दूर जाऊ शकतो. रब्बी ज्वारीची काढणी झाल्यावर, मार्चच्या मध्यावर, काळी राने उघडी पडलेली असतात आणि ती तापू लागली की थर्मलची, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभांची, ददात नसते.

याच दिवसांत काही वैमानिकांनी आपसांत ठरवलेल्या एका छोट्या स्पर्धेतल्या एका दिवसाविषयी मी लिहीत आहे. पुणे, सातारा, हैदराबाद अशा ठिकाणांहून आलेली पंचवीसेक मंडळी होती. स्पर्धा लहान असली तरी गुणांकनाचे सूत्र आणि सुरक्षेचे नियम आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये असतात तेच घेतले होते. मी मूळची अंबाजोगाईची असल्यामुळे या पठारावरची गावे, रस्ते आणि विजेच्या मोठ्या तारा मला ठाऊक आहेत असे गृहीत धरून मला टास्क, म्हणजे त्या दिवशी उडून जायचा मार्ग, ठरवणाऱ्या समितीत घेण्यात आले. गृहीत चुकीचे नव्हते, पण त्यामुळे त्या दिवशी सकाळपासून वाऱ्याविषयीचा वाद माझ्याच वाट्याला आला.

आदल्या रात्री मोबाइलवर अंदाज पाहिला तेव्हा जमिनीलगतचा वारा ताशी १५ ते १८ किलोमीटर दाखवत होता, आणि तेवढ्यावर बहुतेकांचे समाधान झाले होते. मी ८५० हेक्टापास्कलची पातळी उघडली. ही पातळी समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटरवर असते, आणि तिथे वारा ताशी ३५ होता. आमचे पठारच आठशे मीटरच्या आसपास असल्यामुळे हा पस्तीसचा वारा आमच्या डोक्यावर अवघ्या सातशे मीटरवर वाहत असणार होता. रात्री जमीन थंड होते, तिला लागून थंड हवेचा एक थर बसतो आणि तो वरच्या वाऱ्याला खाली उतरू देत नाही. म्हणून सकाळी नऊला कडेवर उभे राहिले तर हवा अगदी सोज्वळ वाटते. ऊन चढून थर्मल सुटू लागले की हा थर खालून फुटत जातो, वरची आणि खालची हवा एकमेकींत मिसळते आणि वरचा वारा हप्त्याहप्त्याने जमिनीपर्यंत येऊन पोहोचतो. थर्मल जितके जोरदार, तितके हे लवकर घडते. त्यामुळे अशा दिवशी वाऱ्याच्या आकड्याला मी दुय्यम मानते. तो आकडा किती वेगाने वाढतो आहे, आणि झोत व ओसर यांत किती अंतर पडते आहे, हे आधी पाहावे लागते. एकसारखा पंचवीसचा वारा कौशल्याने हाताळता येतो. अर्ध्या तासात पंधराचा पंचवीस झालेला वारा पुढच्या अर्ध्या तासात कुठे जाईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

समितीतील वाद एका टर्नपॉइंटवरून झाला. टर्नपॉइंट म्हणजे नकाशावर ठरवलेला बिंदू; त्याच्याभोवतीच्या वर्तुळात शिरले की तो गाठल्याची नोंद होते. आयोजकांनी आखलेल्या टास्कमध्ये टेक-ऑफवरून आधी पश्चिमेला, लिंबागणेशच्या दिशेने आठ किलोमीटरवरच्या टर्नपॉइंटला जाऊन यायचे, मग नेकनूर आणि केजवरून अंबाजोगाईच्या अलीकडच्या मोकळ्या मैदानावर गोल, म्हणजे शर्यतीचा शेवट, गाठायचा, अशी रचना होती. नुसते वाऱ्याबरोबर वाहत जाण्यात स्पर्धा ती काय, असा यामागचा विचार होता, आणि तत्त्वतः तो मला मान्य होता. पण हिशेब वेगळे सांगत होता. माझे ग्लायडर सी वर्गातले, म्हणजे अनुभवी वैमानिकांसाठीचे, आहे. ब्रेक (पंखाची मागची कड खाली ओढणारे हातातले दोर) मोकळे सोडले की ते ताशी ३८ किलोमीटर वेगाने जाते आणि सेकंदाला एक मीटरहून थोडे अधिक खाली येते, म्हणजे स्थिर हवेत एक मीटर उंची खर्चून साडेनऊ मीटर अंतर मिळते. समोरून ताशी वीसचा वारा आला की हेच अंतर साडेचार मीटरवर येते. स्पीडबार (वेग वाढवणारी पायाखालची दांडी) पूर्ण दाबून वेग ५२ पर्यंत नेला तर घसरण वाढते आणि तरीही साडेपाचच्या पुढे आकडा जात नाही. आठ किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर जायचे म्हणजे वाटेत किमान दोनदा थर्मलमध्ये फिरणे आले, आणि प्रत्येक फिरण्यात वारा मागे ढकलणार. तोवर दीड वाजणार, आणि निम्मे वैमानिक कडेच्या मागे, पठारावर, खालच्या उंचीवर अडकलेले असणार.

टर्नपॉइंट काढून टाकावा असे मी म्हटले. तो राहावा असे दोघांचे मत पडले. शेवटी टर्नपॉइंट ठेवून त्याच्या वर्तुळाची त्रिज्या एक किलोमीटरची पाच किलोमीटर करायची, असे ठरले. त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावरची मजल तीन किलोमीटरवर आली. टेक-ऑफची खिडकी, म्हणजे उड्डाणाला परवानगी असलेली वेळ, साडेअकराला उघडायची आणि शर्यत साडेबाराला सुटायची. मी ती आणखी अर्धा तास अलीकडे ओढण्याचा प्रयत्न केला, पण अकराला थर्मल पुरेसे उठत नाहीत हेही खरेच होते, म्हणून फार ताणले नाही.

टेक-ऑफ वायव्येकडे तोंड असलेल्या एका सोंडेवर होता. सकाळी अकरापासून मी तिथे बसून दोन गोष्टी पाहत होते. एक म्हणजे काठीला बांधलेली रिबन, जी सगळेच पाहतात. दुसरी म्हणजे खालचा पालीचा तलाव. वाऱ्याच्या येत्या बाजूच्या काठालगत पाण्याचा एक पट्टा गुळगुळीत राहतो, कारण काठ तिथे आडोसा करतो. त्या पट्ट्यावरून वाऱ्याची दिशा अगदी नेमकी कळते. पट्ट्याच्या पुढे लाटा उठतात आणि त्यांच्यावर जो काळसर डाग सरकताना दिसतो तो येणारा झोत असतो. एका डागानंतर दुसरा डाग यायला किती वेळ जातो हे मोजत राहिले की झोत किती अंतराने येत आहेत ते समजते. सव्वाअकराला डागांमध्ये पाच-सहा मिनिटांचे अंतर होते. पावणेबाराला ते तीनवर आले. रिबनजवळचा मापक तोवर १८ ते २२ दाखवत होता आणि झोतात २७ पर्यंत जात होता.

हार्नेस (वैमानिकाची पट्ट्यांची बैठक) बांधताना मी सहा लिटर पाण्याची पिशवी आत ठेवली. माझे वजन कमी असल्यामुळे ग्लायडरच्या वजनमर्यादेच्या वरच्या टोकाला पोहोचायला ती लागते. पाणी घेतले की वारा कापता येतो असा नव्या वैमानिकांचा समज असतो; प्रत्यक्षात वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सहा लिटरमागे ताशी दीड किलोमीटरचीही भर पडत नाही. फायदा वेगळाच असतो. भरलेल्या पंखातला दाब वाढतो आणि खवळलेल्या हवेत तो सहजासहजी दुमडत नाही. अशा दिवशी मला त्याच कारणासाठी पाणी हवे असते. मग हेल्मेट, पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, रिझर्व्हची (आपत्कालीन पॅराशूटची) पिन, रेडिओ अशी तपासणी झाली. पायाचे पट्टे मी नेहमी दोनदा हात लावून पाहते.

जोराच्या वाऱ्यात ग्लायडर पूर्ण पसरून ठेवायचे नसते. मी ते घडी अर्धी उघडून, मधला भाग तेवढा मोकळा ठेवून जमिनीवर आणले आणि दोन साथीदारांना टोकांजवळ उभे केले. वाऱ्याकडे पाठ, ग्लायडरकडे तोंड, एका हातात ए रायझर आणि दुसऱ्या हातात सी रायझर. रायझर म्हणजे पंखाचे दोर एकत्र येतात ते पट्टे; ए पंखाच्या पुढच्या भागाचे, सी मागच्या भागाचे. ग्लायडर उठताना भलताच ओढू लागला तर सी रायझर खेचला की तो तत्काळ मागे बसतो. ब्रेक खेचून तो बसवायला गेलात तर तो आधी तुम्हालाच उचलतो. एक डाग तलावावरून येऊन गेला, रिबन ताठ झाली, मग ती किंचित खाली आली. या ओसरीच्या सुरुवातीला मी ए रायझर हलकेच ओढला आणि पंख चढू लागताच त्याच्याकडे चार पावले चालत गेले, कारण आपण जागेवर रोवून उभे राहिलो तर पंखाचा सगळा जोर आपल्यावर येतो आणि चालत गेलो तर निम्मा निघून जातो. पंख डोक्यावर येऊन थांबला, मी वळले आणि दोन पावलांत पाय सुटले.

त्यानंतरचे अर्धे मिनिट फार महत्त्वाचे असते. कडेच्या अगदी वर वारा चेपला जाऊन जोरात वाहतो आणि कडेच्या मागे तो उलटा गुंडाळत खाली येतो. या मागच्या हवेला आम्ही रोटर म्हणतो. म्हणून वर उचलले जात असतानाही वळायचे नाही, सरळ पुढे, खोऱ्याच्या दिशेने जायचे. माझ्या जीपीएसवर जमिनीवरचा वेग ताशी ११ किलोमीटर दिसत होता. स्पीडबार अर्धा दाबल्यावर तो १८ झाला, आणि कडेपासून पुरेसे पुढे आल्यावरच मी पहिले वळण घेतले. माझ्यानंतर उडालेल्या एका वैमानिकाने कडेवरच चढ मिळाला म्हणून तिथेच वळण घेतले आणि वळणाच्या दुसऱ्या अर्ध्यात वाऱ्याने त्याला कडेच्या मागे नेऊन टाकले. पठारावरच्या रानात तो आदळत उतरला. घोटा मुरगळला, त्याहून अधिक काही झाले नाही. त्याला पुन्हा उडण्याची परवानगी होती, पण त्याने सामान गुंडाळले आणि रिट्रीव्हच्या, म्हणजे उतरलेल्यांना परत आणणाऱ्या, जीपमध्ये जाऊन बसला. त्या दिवसातला तो सर्वांत शहाणा निर्णय होता, असे मला अजूनही वाटते.

साडेबारापर्यंत वीसेक ग्लायडर कडेसमोर वेगवेगळ्या उंचीवर फिरत होते. शर्यत सुटली तेव्हा मी समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरवर होते आणि वरच्या घोळक्यापेक्षा दोनशे मीटर खाली. पण टर्नपॉइंट वाऱ्याच्या तोंडावर असेल तर तिथे उंचावरून जाण्यात फारसा लाभ नसतो. त्याच्या आधी थर्मल घेतला तर जितके चढाल तितके मागे वाहत जाता आणि ते अंतर पुन्हा कापावे लागते. तो ओलांडल्यानंतर थर्मल घेतला तर तोच वारा तुम्हाला पुढच्या टप्प्याकडे नेतो. मी मध्ये लागलेला एक बरा चढ सोडून दिला, बार तीन-चतुर्थांश दाबून सरळ वर्तुळाच्या कडेपर्यंत गेले आणि उपकरणाने टर्नपॉइंट नोंदवल्याचा आवाज दिला तेव्हा जमिनीपासून जेमतेम तीनशे मीटरवर होते. वरचा घोळका चढत राहिला आणि मागे ढकलला जात राहिला. त्यातल्या चार जणांना त्या तीन किलोमीटरमध्येच खाली उतरावे लागले.

तीनशे मीटरवर बसून थर्मल शोधणे हे वाऱ्याच्या दिवशीचे खरे काम. खालून निघालेला थर्मल सरळ वर येत नाही, वाऱ्याबरोबर तिरका होतो आणि खालच्या भागात त्याचे तुकडे पडलेले असतात. खाली एका बाजूला हिरवा ऊस होता, त्याला लागून नांगरून टाकलेले काळे रान, मधल्या बांधावर बाभळींची रांग. तापलेली हवा अशा बांधापाशी अडते आणि तिथून सुटते. पण बांधाच्या डोक्यावर जाऊन उपयोग नव्हता. त्या उंचीवर थर्मल वाऱ्याच्या जात्या बाजूला बराच सरकलेला असणार. मी तिथे गेले. व्हॅरिओ (चढ मिळाला की वाजणारे उपकरण) दोनदा वाजला आणि गप्प झाला, मग दोन घारी माझ्याहून थोड्या पुढे, वाऱ्याच्या येत्या बाजूला, पंख न हलवता वर जाताना दिसल्या. थर्मल हातचा गेला की तो वाऱ्याच्या येत्या बाजूला शोधावा हा नियम आहे, कारण आपण नकळत मागे पडत असतो. घारींच्या खाली पोहोचले आणि सेकंदाला दोन मीटरचा चढ लागला. वाऱ्याच्या तोंडावर असताना वळण थोडे लांबवायचे आणि पाठीवर असताना ते आवळायचे, नाहीतर प्रत्येक फेरीला थर्मलच्या मागच्या बाजूने घसरून बाहेर पडतो.

या चढाचा हिशेब त्या दिवसाची कल्पना देतो. सेकंदाला दोन मीटरने हजार मीटर चढायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. वारा ताशी तीस असेल तर तेवढ्या वेळात, एकाच जागी गोल फिरत असल्यासारखे वाटत असताना, तुम्ही चार किलोमीटर पुढे गेलेले असता. नेकनूर माझ्या खाली कधी आले ते मला कळलेच नाही. पुढच्या ग्लाइडवर, म्हणजे सरळ घसरत जाताना, जमिनीवरचा वेग ताशी ६८ झाला आणि एका मीटर उंचीत सतरा मीटर अंतर मिळू लागले. वर, २,६०० मीटरवर, हवा गार होती. कोरडी हवा दर हजार मीटरला जवळजवळ दहा अंशांनी थंड होते, त्यामुळे खाली अडतीस अंश असताना वर वीसच्या आसपासच होते आणि हातमोजे बरे वाटत होते.

नेकनूरच्या पुढे पवनचक्क्यांचा पट्टा लागतो. वैमानिकांना त्यांचे दोन उपयोग आहेत. त्यांची तोंडे कोणत्या दिशेला वळली आहेत यावरून वारा कळतो आणि पाती किती वेगाने फिरत आहेत यावरून त्याचा जोरही थोडाफार कळतो. उपद्रव मात्र मोठा आहे. शंभर मीटरहून उंच खांबावर फिरणाऱ्या पात्यांच्या मागे हवा दूरवर खळबळलेली राहते, आणि त्यांच्या जात्या बाजूला खाली आलेल्या वैमानिकाला उतरायला धड जागा उरत नाही. माझ्या खाली आठशे मीटरवर एक निळे ग्लायडर त्या रांगेच्या मागे सापडले होते. तो वैमानिक शहाणा निघाला. त्याने पुढे जाण्याचा नाद सोडला, वाऱ्याला आडवा जात दक्षिणेकडे पट्ट्याच्या बाहेर पडला आणि मोकळ्या रानात उतरला. वाऱ्यात अडचणीत सापडले की सरळ पुढे किंवा सरळ मागे जाण्याऐवजी आडवे निघावे, हे अनेकांना वेळेवर सुचत नाही.

केज मी पावणेदोनच्या सुमारास ओलांडले. इथपर्यंत माझ्या उपकरणावर वाऱ्याचा वेग ३० ते ३२ दिसत होता. दोन वाजता तो ३६ झाला, दोन वाजून दहा मिनिटांनी ४१. थर्मलमध्ये शिरताना पंखाचे टोक दोनदा दुमडून उघडले. त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते, पण तासाभरापूर्वी ते झाले नसते. खाली एका शेततळ्याच्या काळ्या प्लास्टिकवर पाणी एका कोपऱ्यात लोटलेले दिसत होते. कच्च्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरमागची धूळ वर न उठता जमिनीला चिकटून सरळ रेषेत पळत होती. वरचा वारा जमिनीपर्यंत पोहोचला होता. आमच्याकडे रेडिओवर सुरक्षेची पातळी सांगण्याची पद्धत आहे: एक म्हणजे हवा ठीक, दोन म्हणजे सावध, तीन म्हणजे टास्क थांबवावा. मी 'तीन' सांगितले. माझ्या आधी एकाने 'दोन' सांगितले होते. माझ्यानंतर सर्वांत पुढे असलेल्या दोघांपैकी एकाने 'दोन' आणि मागच्या तिघांनी 'तीन' सांगितले. दोन वाजून वीस मिनिटांनी संचालकांनी टास्क थांबवल्याचे जाहीर केले.

टास्क थांबला तरी उतरणे बाकी असते, आणि त्या दिवशी ते सर्वांत कष्टाचे ठरले. मी होळच्या अलीकडे, जमिनीपासून बाराशे मीटरवर होते आणि हवा सगळीकडून वर उचलत होती. पंखाची दोन्ही टोके मुद्दाम दुमडून घेतली आणि बार दाबला. टोके दुमडली की घसरण वाढते पण पुढचा वेग थोडा कमी होतो, म्हणून बार जोडीला हवाच. तोंड वाऱ्याकडे केले. जमिनीवरचा वेग ताशी तीन किलोमीटर होता, मध्येच शून्य, एकदा उणे दोन. म्हणजे मी जवळजवळ एकाच जागेवर लिफ्टसारखी खाली येत होते, आणि त्यामुळे जागा निवडायला वेळ मिळाला. मला चार गोष्टी नको होत्या: विजेच्या तारा, वाऱ्याच्या येत्या बाजूला झाडे किंवा घरे, उभे पीक, आणि तुरीची धसकटे. धसकटांविषयी बाहेरच्या वैमानिकांना सांगावे लागते. तूर कापल्यावर राहिलेले बोटभर जाडीचे, तिरके छाटलेले ते खुंट पंखाचे कापड तर फाडतातच, वर माणूस फरफटला तर मांडीत घुसतात. एक नांगरून पडलेले मोठे रान दिसले, ज्याच्या वरच्या बाजूला चारशे-पाचशे मीटर काहीच नव्हते. तिथे उतरायचे ठरवले.

शेवटच्या तीस मीटरमध्ये जमिनीच्या घर्षणामुळे वारा कमी होतो आणि पंखाला अचानक पुढे जाण्याची संधी मिळते. म्हणून टोके उघडून बार सोडून दिला आणि हात वर ठेवले. नेहमी उतरताना ब्रेक खोल दाबून वेग मारायचा असतो. जोराच्या वाऱ्यात तो दाबला तर मागे आणि वर फेकले जातो. पाय ढेकळांना लागताच मी वळले, दोन्ही सी रायझर छातीशी ओढले आणि कोसळणाऱ्या पंखाकडे धावत सुटले. तरी त्याने मला दहाएक पावले ओढलेच. एका टोकावर गुडघा टेकल्यावर तो निवला.

कापड गोळा करत होते तेव्हा शेजारच्या रानातून एक वयस्कर शेतकरी आले. त्यांच्या अंगणात ज्वारीची कणसे पडली होती आणि कडब्याची गंज अर्धी रचलेली होती.

"आवो ताई, कुठून आलाव?"

"मांजरसुंब्याहून, काका. कडेवरून उडाले."

त्यांनी पश्चिमेकडे पाहिले, मग पंखाकडे. "आन् ह्या वाऱ्यात? आज वारं लई हिसके मारायलंय. आम्ही सकाळी उफणायला बसलो व्हतो, दुपारपासून बंद केलं. वारं लागून राहिलं की भुसा तेवढा उडतंय. हिसके मारायलं की दाणंबी जातंय भुसासंगं." मळणीयंत्र आल्यापासून उफणणी फार कोणी करत नाही, घरापुरती करतो, असेही त्यांनी सांगितले. मी रानात उतरल्याबद्दल माफी मागितली, तर ते रान मोकळेच असल्यामुळे त्यांना गंमत वाटली. दोर सोडवायला त्यांनी मदत केली आणि उजव्या ब्रेकच्या दोरात अडकलेले ढेकूळ त्यांनाच आधी दिसले. चहा मात्र घ्यावा लागला.

रिट्रीव्हची जीप पाचला आली. तोपर्यंत सगळे उतरल्याचे संदेश आले होते. एकाला उतरताना फरफटल्यामुळे कोपर सोलवटले होते, आणि एकाचे ग्लायडर धसकटांवरच पडून तीन ठिकाणी फाटले होते. गोलपर्यंत कोणीही पोहोचले नव्हते.

थांबवलेल्या टास्कचे गुण कसे देतात याविषयी संध्याकाळी बरीच चर्चा झाली. थांबवल्याची घोषणा झालेल्या क्षणापर्यंतची नोंद धरली जात नाही. त्याआधीची पाच मिनिटे कापली जातात, कारण धोका दिसू लागल्यावरही कोणी थोडे आणखी पुढे जाण्यासाठी रेटत राहू नये. म्हणजे आमची नोंद दोन वाजून पंधरा मिनिटांपर्यंतची. शिवाय त्या क्षणी गोलच्या जमिनीपेक्षा वैमानिक जितका उंच असेल त्याच्या चौपट अंतर त्याला जोडून मिळते. मी बाराशे मीटर वर होते, म्हणून मला चार किलोमीटर आठशे मीटर अधिक मिळाले आणि त्यामुळे माझ्या थोडे पुढे पण बरेच खाली असलेल्या दोघांना मी मागे टाकले. हे मला मिळालेच पाहिजे होते असा माझा दावा नाही, पण नियम वाजवी आहे. उंची राखणाऱ्याला ती पुढे अंतरात बदलता आली असती.

पुढे असलेल्या दोघांपैकी ज्याने 'दोन' सांगितले होते, त्याचा आक्षेप होता की गोल त्याच्यापासून नऊ किलोमीटरवर होता, पाठीवर वारा होता, आणि दहा मिनिटांत तो पोहोचला असता. पोहोचला असता यात शंका नाही. पण त्याच वेळी केजच्या मागे, पवनचक्क्यांच्या अलीकडे, सात जण हवेत होते आणि तिथे पोहोचेपर्यंत त्यांना आणखी वाढलेला वारा मिळाला असता. टास्क सर्वांत पुढच्या माणसाच्या हवेवर चालवायचा नसतो. यावर त्याने वाद घातला नाही. 'तीन' आधी का सांगितले नाही, असे मात्र त्याने मला विचारले. मी सांगितले की ३२ चा वारा तासभर एकसारखा होता, तोपर्यंत सांगण्यासारखे काही नव्हते. तो दहा मिनिटांत पाचने वाढला तेव्हा सांगितले.

रात्री समितीने दुसऱ्या दिवसाचा अंदाज पाहिला. ८५० हेक्टापास्कलवर वारा पुन्हा ३२ होता. कमकुवत थर्मल चालतील असे गृहीत धरून टेक-ऑफची खिडकी साडेदहाला उघडायची, लिंबागणेशकडचा टर्नपॉइंट फळ्यावरून काढायचा, गोल केजच्या पश्चिमेला मोकळ्या माळावर ठेवायचा आणि दोन वाजल्यानंतर कोणीही हवेत राहायचे नाही, असे ठरले. या वेळी मतदान घ्यावे लागले नाही.